दाद

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन वाटांनी चालतो. गाणे भिडले की आपण दाद देतो, आणि अन्याय झाला की दाद मागतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय. ज्या लेखनाला मी इथे दाद देणार आहे, त्याचा विषयच दाद मागण्याचा हक्क हा आहे. ते लेखन म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे भिन्नमताचे निकालपत्र. तारीख 28 एप्रिल 1976. खटला अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. वकिलांच्या बोलण्यातला ‘एडीएम जबलपूर’.

कायद्याच्या वर्गात हे निकालपत्र मुद्द्यांसाठी वाचले जाते. मला ते वाक्यांसाठी वाचावेसे वाटते. भीतीच्या काळात माणूस काय बोलला यापेक्षा कोणत्या स्वरात बोलला हे कधी कधी जास्त सांगून जाते, आणि या निकालपत्राचा स्वर मी अनेकदा वाचूनही माझ्या कानातून गेलेला नाही.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. 25 जून 1975 च्या रात्री अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. 27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला: अनुच्छेद 14, 21 आणि 22 मधील हक्कांसाठी कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. 21 म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. अंतर्गत सुरक्षेसाठी 1971 मध्ये केलेला ‘मिसा’ कायदा हाताशी होताच. त्यात आता कलम 16-अ घातले गेले. माणसाला का धरले ते त्याला सांगायची गरज उरली नाही. कारणे ही राज्याची गोपनीय बाब ठरली. मिसाखाली पुढे जवळपास 35 हजार लोक स्थानबद्ध झाले, आणि ‘मिसाबंदी’ हा शब्द महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या बोलण्यात कायमचा शिरला.

स्थानबद्धांच्या वतीने ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसच्या याचिका दाखल झाल्या. नऊ उच्च न्यायालयांनी या याचिका ऐकता येतात असे म्हटले; मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांत होते. न्यायालयांनी तुरुंगाची दारे उघडली होती असे नाही. ती एवढेच म्हणत होती की स्थानबद्धतेचा हुकूम निदान मिसा कायद्याला धरून आहे का, योग्य अधिकाऱ्याने काढला आहे का, वैयक्तिक आकसातून निघालेला नाही ना, हे आम्ही तपासू. सरकारला तेवढेही मान्य नव्हते. म्हणून सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात आले. समोर पाच न्यायमूर्ती होते: सरन्यायाधीश ए. एन. रे, खन्ना, एम. एच. बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये शांतिभूषण होते, सोली सोराबजी होते, आणि मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडेही होते.

हेबिअस कॉर्पसला संविधानाच्या मराठी पाठात ‘देहोपस्थिती’ असा शब्द आहे. पहिल्यांदा वाचताना तो जड वाटतो. पण तो तोंडात घोळवला की लक्षात येते की लॅटिनपेक्षा तो अधिक थेट आहे. देह उपस्थित करा. तुम्ही ज्याला नेलेत, तो माणूस जिवंत, सदेह इथे आणा आणि कोणत्या कायद्याने नेलेत ते सांगा. विद्वत्ता, पुरावे, तत्त्वज्ञान हे सगळे नंतरचे. आधी देह.

आणि खटल्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न खन्ना यांनी विचारला तो देहाविषयीच होता. अनुच्छेद 21 मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीवितही आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर तुमच्या युक्तिवादाप्रमाणे त्यावर काही उपाय आहे का? महान्यायवादी निरेन डे यांनी उत्तर दिले की आपल्या भूमिकेशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही. माझ्या सदसद्विवेकाला याचा धक्का बसतो, आपल्याही बसेल, पण उपाय नाही. हे उत्तर पुढे फार गाजले. मला मात्र प्रश्नाची बांधणी थक्क करते. खन्ना यांनी सरकारचा मुद्दा खोडला नाही. तो जसाच्या तसा उचलला आणि आणखी एक पाऊल पुढे नेऊन ठेवला. स्वातंत्र्य हा शब्द चर्चेत झिजून गेला होता. त्याच्याच शेजारी, त्याच वाक्यात बसलेला ‘जीवित’ हा शब्द कोणी पाहत नव्हते. खन्ना यांनी बोट तिथे ठेवले. अनुच्छेद 21 चा इतका बारकाईने वाचणारा वाचक त्या दिवशी त्या दालनात दुसरा नव्हता असे मला वाटते.

आता निकालपत्राची सुरुवात. खटल्याचा प्रक्षोभ पाहता पहिल्या वाक्यात ज्वाळा असतील अशी आपली अपेक्षा असते. तिथे आहे ते एक शांत विधान: ज्यांना व्यक्तिस्वातंत्र्य प्रिय आहे त्यांना खटल्याविना स्थानबद्ध करणारा कायदा हा तिटकाऱ्याचा विषय असतो. वाक्य ‘मला’ने सुरू होत नाही, ‘ज्यांना’ने होते. पुढची काही वाक्ये अशीच चालतात. ते असे मानतात, त्यांचे असे म्हणणे आहे, की आरोप करणारा आणि न्याय करणारा एकच झाला तर मनमानी होणारच. आणि मग खन्ना वळतात आणि तेवढ्याच नेटकेपणाने दुसरी बाजू मांडतात: ज्यांच्यावर राज्य चालवण्याची जबाबदारी आहे त्यांचा दृष्टिकोन वेगळा असतो. स्वातंत्र्याचे मोल त्यांनाही ठाऊक असते, पण राज्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांकडे डोळेझाक करणे त्यांना परवडत नाही. स्वातंत्र्य नष्ट करण्याचे स्वातंत्र्य कोणाला असू शकत नाही.

हे परिच्छेद मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थोडा नाराज झालो होतो. देशातले तुरुंग भरलेले असताना हा माणूस सरकारच्या बाजूची इतकी चांगली मांडणी कशाला करतो, असे वाटले. पुन्हा वाचताना उलगडले. खन्ना इथे प्रतिपक्षाला त्याचे सर्वांत चांगले शब्द आधीच देऊन टाकतात, म्हणजे पुढे त्या शब्दांच्या आड कोणाला लपता येऊ नये. राज्य धोक्यात आहे? असेल, मी मान्य करतो. स्थानबद्धतेचा कायदा लागतो? लागेल, संविधानाने त्याला जागा दिली आहे. मोठ्या प्रमाणावर लोकांचे स्वातंत्र्य आक्रसावे लागते? तेही होऊ शकते. एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि त्या एका गोष्टीवर ते निकालपत्राचे सगळे वजन टाकतात.

ती गोष्ट कोणती, हे सांगणारी वाक्ये पुढे उत्तरार्धात येतात आणि माझ्या मते निकालपत्राचा कणा तीच आहेत. मी आशय सांगतो. राज्याच्या सुरक्षिततेला धोका असताना व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करता येतो का, हा प्रश्न नाही. तो करता येतो याविषयी मला शंका नाही. प्रश्न असा आहे की न्यायालयाच्या मुखाने बोलणारे कायदे अशा धोक्यामुळे पूर्णपणे गप्प केले जातील का, मुके केले जातील का. ‘हा प्रश्न नाही’, ‘प्रश्न असा आहे’: एवढ्या दोन पावलांत वादाची जमीनच बदलते. सरकार विचारत होते की सुरक्षा हवी की स्वातंत्र्य. खन्ना विचारतात की सुरक्षेच्या नावाने जे केले ते कायद्याने केले का, एवढे विचारणारा आवाज राहणार की नाही. क्रियापदही पाहा. ते कायदा मोडण्याविषयी बोलत नाहीत, कायद्याची वाचा जाण्याविषयी बोलतात. मोडलेला कायदा तरी ओरडतो. मुका केलेला कायदा पुस्तकात जागच्या जागी असतो, त्याचे कलम न् कलम शाबूत असते, आणि तरी तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.

मधला प्रदेश मात्र खडतर आहे. पानेच्या पाने पूर्वनिर्णयांची. साहित्य म्हणून वाचणाऱ्याला तिथे धाप लागते, आणि काही ठिकाणी एकाच मुद्द्यावर तीन-चार खटल्यांची रांग लागते तेव्हा एखादा पुरेसा होता असे वाटल्याशिवाय राहत नाही. तरी या प्रदेशातून जायलाच हवे, कारण खन्ना यांच्या युक्तिवादाचा गाभा इथे आहे. सरकारचे म्हणणे होते की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क एकाच पेटीत ठेवलेला आहे. ती पेटी म्हणजे अनुच्छेद 21. पेटीला राष्ट्रपतींनी कुलूप लावले की बाहेर काही उरत नाही. खन्ना म्हणतात, ही पेटी आपण 1950 मध्ये बनवली. पण कायद्याच्या आधाराशिवाय राज्याने कोणाचा जीव वा स्वातंत्र्य घ्यायचे नाही, हे तत्त्व तिच्याआधीचे आहे. अनुच्छेद 21 नसता तरीही राज्याला हा अधिकार नसता. ज्या समाजात हे गृहीत धरलेले नाही, तिथे कायद्याचे राज्य आणि बेबंदशाही यांत फरक तो काय राहिला?

यासाठी ते जे आधार घेतात त्यांत एक 1931 चा आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. लागोसच्या एशुग्बायी एलेको या पारंपरिक प्रमुखाला ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने हद्दपार केले होते. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. लॉर्ड ॲटकिन यांनी लिहिले की शासनाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला प्रजाजनाच्या स्वातंत्र्यात हात घालायचा असेल, तर आपली कृती कायदेशीर आहे हे न्यायालयापुढे दाखवून देण्याची तयारी त्याच्याकडे हवी. पुढे ऐन महायुद्धात, 1941 च्या लिव्हरसिज खटल्यात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये एकटे पडून याच ॲटकिननी सांगितले की शस्त्रांच्या खणखणाटातही कायदे मुके नसतात. खन्ना यांच्या ‘मुके’ या शब्दामागे हा जुना आवाज आहे.

आपल्या घराजवळचेही उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली धरलेल्या पु. य. देशपांडे यांच्यासाठी त्यांच्या पत्नी विमलाबाई देशपांडे यांनी नागपूर उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला. सरकार थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि 1946 मध्ये तिथेही हरले. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपला संशय वाजवी होता हे न्यायालयाला पटवून दिले पाहिजे, असे तिथे ठरले. म्हणजे परक्यांच्या राज्यात, महायुद्ध चालू असताना, नागपूरची एक स्त्री उभी राहून विचारू शकत होती की माझ्या नवऱ्याला कोणत्या आधाराने नेले, आणि साम्राज्याला उत्तर द्यावे लागत होते. तीस वर्षांनी, स्वराज्यात, त्याच नागपूरच्या खंडपीठाने तोच प्रश्न ऐकून घेण्याची तयारी दाखवली, तर सरकार म्हणत होते की तो विचारण्याचाच हक्क नाही. संविधानापूर्वी जे प्रजेला मिळत होते ते संविधानानंतर नागरिकाला मिळू नये, असे संविधान सांगत असेल का? खन्ना यांचा सगळा शुष्क वाटणारा इतिहास या एका प्रश्नाकडे चालत येतो.

मखनसिंग खटल्याचा त्यांनी घेतलेला आधारही महत्त्वाचा. चीन युद्धाच्या वेळच्या आणीबाणीतल्या त्या खटल्यात साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले होते आणि एक खिडकी उघडी ठेवली होती: मूलभूत हक्कांच्या आधारे येता येणार नाही, पण हुकूम दुष्ट हेतूने काढला आहे किंवा कायद्याच्याच अटी पाळलेल्या नाहीत असे म्हणत येता येईल. 1976 च्या बहुमताने ही खिडकी बंद केली. कारण दिले की 1962 चा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता, 1975 चा बिनशर्त आहे.

सरकारच्या भूमिकेचा परिणाम खन्ना एका उदाहरणात सांगतात, आणि तिथे अचानक निकालपत्राच्या इंग्रजीतून आपल्या ओळखीचा माणूस बाहेर येतो. मंत्री नव्हे, सचिव नव्हे, हेड कॉन्स्टेबल. उद्या एखाद्या हेड कॉन्स्टेबलने लहरीने किंवा खुनशीपणाने कोणाला धरून बेमुदत डांबले, तरी आणीबाणी संपेपर्यंत त्या माणसाला कुठेही दाद मागता येणार नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या चर्चा नेहमी उंचावर चालतात, राष्ट्र, सार्वभौमत्व, संकट अशा शब्दांत. खन्ना त्या चर्चेला चौकीच्या पायरीवर आणून बसवतात. अमर्याद सत्ता वरच्या माणसाच्या हाती दिली की ती तिथेच राहत नाही, झिरपत झिरपत खालच्या शेवटच्या दंडुक्यापर्यंत पोचते. हे कळायला राज्यशास्त्र लागत नाही. ज्याला कधी चौकीवर ताटकळावे लागले आहे त्याला ते ठाऊक असते.

आणखी एक कडक विधान आहे. कायद्याच्या राज्याचा नकार हा केवळ कायदा करून घडवून आणला म्हणून नकार असायचा थांबत नाही. औपचारिक अर्थाने पाहिले तर नाझी राजवटीतली संघटित हत्याकांडेही कायदाच म्हणता येतील, असे ते लिहितात. 1976 मध्ये, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ही तुलना आली. आवाज न चढवता आली, म्हणूनच ती खोल जाते.

बहुमताच्या चार निकालपत्रांची भाषाही इथे शेजारी ठेवून पाहायला हवी. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले की स्थानबद्धांना नीट राहायला, खायला मिळते, त्यांना चांगली वागणूक मिळते आणि राज्ययंत्रणा त्यांची घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड, पुण्यात वाढलेले, बुद्धीने तल्लख, यांनी लिहिले की शासन स्थानबद्धांना फटके मारील, उपाशी ठेवील, गोळ्याही घालील अशी भीती वकिलांनी व्यक्त केली. पण असे कधी घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी टणक आशा मला आहे. मला इथे भाषेचा एक नियमच दिसतो. जिथे कायद्याचा आधार संपतो, तिथे अलंकार येतो. आईची उपमा आणि हिऱ्याची उपमा, दोन्ही नेमक्या त्या जागी येतात जिथे वाचक विचारणार असतो: पण हे घडले तर? उत्तर नसले की प्रतिमा पुढे केली जाते. आणि तीही अशी, की जिच्याशी वाद घालणे असभ्यपणाचे वाटावे.

वास्तवाने या प्रतिमांचे काय केले ते नोंदवायला हवे. कोळिकोडच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी पी. राजन याला पोलिसांनी 1 मार्च 1976 ला उचलले होते. 28 एप्रिलला हिऱ्यासारखी आशा न्यायालयात उच्चारली जात होती तेव्हा तो जिवंत नव्हता. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका घेऊन गेले. सरकारला राजन कोठडीत मरण पावल्याचे कबूल करावे लागले. देह मात्र कधीच उपस्थित झाला नाही. तो मिळालाच नाही. ‘संस्कार’ चित्रपटातल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना निकालानंतर काही दिवसांतच अटक झाली. दम्याने खंगलेल्या अवस्थेत त्या जानेवारी 1977 मध्ये सुटल्या आणि पाच दिवसांनी गेल्या.

खन्ना यांचे गद्य मग अलंकारहीनच आहे का? एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. गुलामाने श्वास घ्यावा यापेक्षा इंग्लंडची हवा अधिक शुद्ध आहे, असा अभिमान एका थोर इंग्रज न्यायाधीशाला बाळगता आला, तर या पवित्र भूमीत कायद्याच्या राज्याला ग्रहण लागणार नाही, असे आपणही रास्त अभिमानाने का म्हणू नये? भारताचे संविधान आणि कायदे माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य अशा निरंकुश सत्तेच्या हवाली करत नाहीत, जिच्याविरुद्ध, ती खुळेपणाने वा द्वेषाने वागली तरी, न्यायालयात दाद मागता येत नाही. मूळ इंग्रजी वाक्य लांब आहे, एका श्वासात न मावणारे. सगळ्या कोरड्या पानांतून चालून आल्यावर ते येते. म्हणून ते सजावट वाटत नाही, दम धरून ठेवलेल्या माणसाचा सुटलेला श्वास वाटतो.

त्यातला इंग्लंडच्या हवेचा संदर्भ मला एकदा खटकला होता. इंग्रजांची हवा शुद्ध म्हणावी, आणि तीही भारताच्या न्यायाधीशाने? खन्ना अमृतसरचे. जन्म 3 जुलै 1912 चा. जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा ते त्या गावातले सहा वर्षांचे मूल होते. मग लक्षात आले की तो संदर्भ इंग्लंडच्या गौरवाचा नाही. 1772 चा तो खटला जेम्स सॉमरसेट या गुलामाचा होता. जमैकाला निघालेल्या जहाजावर त्याला साखळदंडांत ठेवले होते, आणि त्याला न्यायालयापुढे आणले ते हेबिअस कॉर्पसच्या रिटने. देह उपस्थित करा, या हुकमाने. खन्ना यांनी निवडलेली अभिमानाची गोष्ट ही अशी आहे: जहाजाच्या पोटातून वर आणलेला एक माणूस.

आणि ग्रहण. इंग्रजी शब्द ‘एक्लिप्स’. पण मराठीत वाचताना तो आपला होतो. ग्रहणात सूर्य विझत नाही, आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढेच. सरकारची भूमिका वरकरणी हीच होती: हक्क आहेत, फक्त अंमलबजावणी तेवढी थांबली आहे. खन्ना यांना ही तात्पुरती सावलीही मान्य नव्हती, कारण सावलीच्या त्या काळात ज्याला नेले त्याच्यासाठी ती तात्पुरती नसते.

निकाल चार विरुद्ध एक असा लागला. बहुमताच्या आदेशाचे वाक्य वाचवत नाही. हुकूम कायद्यानुसार नसला, बेकायदा असला, दुष्ट हेतूने काढलेला असला, तरी कोणालाही उच्च न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नाही, असा त्याचा आशय. त्यासाठीची लॅटिन संज्ञा ‘लोकस स्टँडाय’, म्हणजे उभे राहायला जागा. देशाच्या नागरिकाला देशाच्या न्यायालयात पाऊल टेकवायला जागा उरली नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 आणि 21 आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत असे ठरले, आणि ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ हे कारण आले. 2011 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी आपले मत चुकल्याचे जाहीरपणे सांगितले. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एडीएम जबलपूर अधिकृतपणे मोडीत काढला. बहुमतातल्या चारही निकालपत्रांत गंभीर दोष आहेत असे तिथे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्या चारांपैकी एकाचे चिरंजीव. पण हा शेवट 1976 मध्ये कोणापुढेच नव्हता. भिन्नमत वाचताना तो विसरून वाचावे, असे मला आग्रहाने वाटते. नाहीतर आपण विजयी माणसाचे लेखन वाचत आहोत असा भास होतो, आणि स्वर हरवतो.

कारण ते हरलेल्या माणसाचे लेखन आहे, आणि त्याला ते लिहितानाच ठाऊक होते. शेवटच्या परिच्छेदात खन्ना सहकाऱ्यांकडे वळतात. एकमत व्हावे हे इष्ट, हे मी जाणतो. पण दृढ मतभेद गिळून नुसते कागदावर साधलेले एकमत अंतिम न्यायालयात नको. मग ते अमेरिकेचे सरन्यायाधीश ह्यूज यांचे शब्द उसने घेतात. अंतिम न्यायालयातले भिन्नमत म्हणजे कायद्याच्या चिंतनमग्न आत्म्याला, येणाऱ्या एखाद्या दिवसाच्या शहाणपणाला केलेली विनवणी असते; न्यायालय ज्या चुकीत फसवून ओढले गेले असे भिन्नमत देणाऱ्याला वाटते, ती चूक पुढचा एखादा निर्णय कदाचित दुरुस्त करील म्हणून.

इतक्या अटीतटीच्या खटल्यात स्वतःचे शेवटचे वाक्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडी दिले. मला यात थकवा दिसत नाही, शिष्टाचार दिसतो. बहुमताला ‘तुम्ही चुकलात’ असे ते म्हणत नाहीत. मूळ इंग्रजी क्रियापद ‘बिट्रेड’ आहे, आणि ते कर्मणी आहे: न्यायालय फसवले गेले. कोणी फसवले ते वाक्यात नाही. भीतीने, महत्त्वाकांक्षेने, की आईच्या आणि हिऱ्याच्या उपमांनी, ते ज्याने त्याने भरून घ्यायचे. विनवणी आहे ती सहकाऱ्यांना नाही, सरकारला नाही. जे न्यायालय अजून भरलेले नाही, ज्याचे न्यायाधीश अजून नेमलेले नाहीत, त्याच्यापुढे हा न्यायाधीश स्वतः याचिकाकर्ता होऊन उभा आहे. चार जणांनी ज्या दादेला जागा नाही म्हटले, ती त्याने स्वतःच मागितली.

‘कदाचित’ या शब्दावर मी दर वेळी थांबतो. 1973 मध्ये तिघा ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून रे यांना सरन्यायाधीश केले गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निर्णय देणाऱ्या रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली, आणि त्यांचे सहकारी न्यायमूर्ती अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश व्हावे लागले. सेवाज्येष्ठतेने पुढची पाळी खन्ना यांची होती. ‘नायदर रोझेस नॉर थॉर्न्स’ या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की निकालापूर्वी ते हरिद्वारला गेले होते. तिथे गंगेच्या काठी त्यांनी बहिणीला सांगितले: मी माझे निकालपत्र तयार केले आहे, आणि त्यापायी मला भारताचे सरन्यायाधीशपद गमवावे लागणार आहे. जानेवारी 1977 मध्ये तसेच झाले. बेग यांची नेमणूक झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

चूक दुरुस्त होण्याविषयी लिहिताना त्यांनी ‘कदाचित’ ठेवले. गंगेच्या काठी बहिणीशी बोलताना तो शब्द नव्हता.